मोजायला वीज लागत नाही, दाखवायला लागते

प्रिय बंड्या,

व्हॉट्सअपवर तुझा तो तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, मागे वाऱ्याचा आवाज आणि आबांचं ओरडणं यातून जे कळलं ते असं की तुला डाळिंबाच्या बागेत ठिबकसाठी एक टायमर पाहिजे, वॉल (पाणी सोडायचा व्हॉल्व्ह) उघडला की बटण दाबायचं आणि 45 मिनिटं झाली की बोंबलला पाहिजे, म्हणजे आबा उठून पुढच्या प्लॉटचा वॉल फिरवतील. आणि तो सोलरवर चालला पाहिजे कारण शेतात सिंगल फेज नाही. आणि तो तुला स्वतः बनवायचाय. याचं उत्तर मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र, निवांत वाच, बाग झोपल्यावर.

आधी खरं ते सांगून टाकतो. तुझं काम मोबाईलच्या अलार्मने होतं. आबा मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवत नाहीत, भिजतो म्हणून शेडमध्ये खुंटीला लावतात हे मला माहीतेय, पण तरी होतं. तेव्हा हे सर्किट गरज म्हणून करू नको, शिकायचं म्हणून कर. मी पण काही इंजिनियर नाही, गेल्या पावसाळ्यापासून पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चकरा मारून जे डोक्यात शिरलं तेवढंच सांगतोय, पण तेवढं पक्कं सांगतो.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी, हसू नको. तुमच्याकडे आता तो योजनेतला पाच एचपीचा सोलर पंप बसलाय, 4800 वॅटची पॅनलं उभी आहेत, तर तुझ्या डोक्यात येणारच की त्यातूनच दोन वायरी काढू. नाही काढायच्या. ती पॅनलं एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेली असतात, दुपारी त्या दोन वायरींमध्ये शेकडो व्होल्ट डीसी असतं, आणि डीसीची ठिणगी घरच्या एसीसारखी पटकन विझत नाही, वायर ओढली तरी हवेतून जळत राहते. शिवाय कंपनीची वॉरंटी जाते ती वेगळी. आपल्याला लागणारं पॅनल तळहाताएवढं आहे, त्याला त्या राक्षसाची गरज नाही.

आता किती लागतं ते बघू, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. आपण सोलर म्हटलं की पहिलं विचारतो पॅनल किती वॅटचं घेऊ. उलटं आहे रे. पहिलं विचारायचं की मला दाखवायचं काय आहे. कारण वेळ मोजायला वीज जवळजवळ लागतच नाही. तुझ्या देवघरातलं भिंतीवरचं घड्याळ बघ, एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालतं, आणि ते तर काटे पण फिरवतंय. वीज खातं ते दाखवणं. चार आकडी लाल डिस्प्ले लावला तर त्यात 28 पट्ट्या, एकेका पट्टीला 5 मिलीअँपिअर धरलं तरी सगळ्या पेटल्यावर 140 मिलीअँपिअर, आणि एवढं करून भर उन्हात तो आकडा दिसतच नाही, हाताचा आडोसा करून वाकून बघावं लागतं. म्हणजे मोजणाऱ्यापेक्षा दाखवणारा हजारो पटीनं खातो, आणि शेतात त्याचा उपयोग शून्य. कॅल्क्युलेटरवर एलसीडी असते ना ती म्हणूनच, स्वतः उजेड पाडत नाही, बाहेरचाच उजेड वापरते, त्यामुळे नखाएवढ्या सोलर पट्टीवर चालते.

मग आबांना काय दिसायला पाहिजे? मिनिट-सेकंद नको. त्यांना एवढंच हवंय की अजून बराच वेळ आहे, अर्धा झाला, आता उठायला हवं. म्हणजे दोन एलईडी आणि एक बझर. झालं. हे एकदा ठरलं की बाकीचं सर्किट आपोआप लहान होत जातं.

तू म्हणालास 555 (टायमरचा जुना आयसी, म्हणजे चिप) वापरू का, आयटीआयच्या पोरानं सांगितलं म्हणून. 555 चांगलाच आहे, 1972 पासून अख्खी दुनिया वापरतेय, पण या कामाला नको. साधा 555 साडेचार व्होल्टच्या खाली चालायची गॅरंटी नाही आणि नुसता बसल्या बसल्या तीनेक मिलीअँपिअर खातो. पण खरी अडचण दुसरीच. त्याचं सेकंदांचं गणित 1.1 गुणिले आर (वीज अडवणारा रेझिस्टर) गुणिले सी (वीज साठवणारा कपॅसिटर). 45 मिनिटं म्हणजे 2700 सेकंद, तर 1000 मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर आणि जवळपास अडीच मेगओहमचा रेझिस्टर लागतो. आता अडीच मेगमधून करंट येतो एक-दोन मायक्रोअँपिअर, आणि असला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतल्या आत तेवढाच गळत असतो. म्हणजे वरून जेवढं भरतोय तेवढंच खालून जातंय, कपॅसिटर पाहिजे त्या व्होल्टेजपर्यंत पोचतच नाही, आणि पोचला तरी आज 50 मिनिटांनी आणि उद्या ऊन वाढलं की तासाने. लांब वेळेसाठी एकच मोठा कपॅसिटर भरत बसायचं नसतं, छोटा कपॅसिटर पटापट भरायचा-रिकामा करायचा आणि ते किती वेळा झालं ते मोजायचं.

हेच काम करणारा आयसी म्हणजे सीडी4060. वडापावच्या भावात मिळतो, सोळा पायांचा. त्याच्या पोटात ठोके देणारा ऑसिलेटर पण आहे आणि मोजणारा काउंटर पण आहे, चौदा टप्प्यांचा, प्रत्येक टप्पा आधीच्याला दोनाने भागतो. पिन 3 वर चौदावा टप्पा येतो, क्यू14 म्हणतात त्याला, आणि रिसेट केल्यापासून ऑसिलेटरचे 8192 ठोके पडले की ती पिन शून्यावरून वर जाते. म्हणजे आपल्याला 2700 सेकंद पाहिजेत तर 2700 भागिले 8192, एक ठोका सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा, 0.33 सेकंद. बस एवढंच गणित.

ठोक्याचा वेळ येतो 2.3 गुणिले आर गुणिले सी. सी मी 0.47 मायक्रोफॅरडचा घेतला, तर आर येतो 305 के, म्हणजे 305 हजार ओहम. असला रेझिस्टर दुकानात मिळत नाही, म्हणून 270 के चा एक आणि त्याच्या सिरीजमध्ये 100 के चा प्रीसेट, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा तो निळा. त्याने तुला साधारण 40 ते 54 मिनिटांपर्यंत कुठेही वेळ लावता येतो. कपॅसिटर मात्र पॉलिस्टरचा घे, तो चपटा रंगीत गोळीसारखा असतो तो. इलेक्ट्रोलिटिक इथे चालणारच नाही कारण या सर्किटमध्ये कपॅसिटरवरचं प्लस-मायनस दर ठोक्याला उलटतं, आणि स्वस्तातला सिरॅमिक घेतलास तर सांगोल्याच्या उन्हात सकाळचा आणि दुपारचा वेळ वेगळा येईल.

जोडणी ऐक. 270 के आणि प्रीसेटची जोडी पिन 10 ला, कपॅसिटर पिन 9 ला, आणि 1 मेगचा एक रेझिस्टर पिन 11 ला, आणि या तिघांची दुसरी टोकं एकत्र एकाच ठिकाणी. पिन 16 ला प्लस, 8 ला मायनस, आणि या दोघांच्या मध्ये आयसीला अगदी चिकटून एक 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन 12 म्हणजे रिसेट, तिला 100 के लावून मायनसला बांधून ठेव आणि बटण लाव प्लस आणि पिन 12 च्या मध्ये. बटण दाबलं की सगळं शून्य, सोडलं की मोजणी सुरू. बटणाला समांतर अजून एक 0.1 चा कपॅसिटर लाव म्हणजे स्विच ऑन केल्यावर आपोआपच शून्यापासून सुरू होईल. पिन 12 हवेत सोडू नको, सोडलीस तर बोट जवळ नेलं तरी टायमर रिसेट होतो, आणि मग दिवसभर डोकं खाजवत बसशील.

आता काउंटडाउन. हा आयसी तर वर मोजतो, शून्यापासून पुढे, आणि आपल्याला पाहिजे उलटी मोजणी. मला वाटलेलं यासाठी अजून एखादा आयसी लागेल. काही लागत नाही! एलईडी उलट्या बाजूनं जोडायची. म्हणजे एलईडीचं प्लस टोक 1 के मधून बॅटरीच्या प्लसला आणि मायनस टोक आयसीच्या पिनला. आता पिन खाली असली की एलईडी पेटते, पिन वर गेली की विझते. पिन 2 म्हणजे क्यू13 आणि पिन 1 म्हणजे क्यू12, या दोन्हीला अशी एकेक एलईडी. सुरुवातीला दोन्ही पेटलेल्या. सव्वाअकरा मिनिटांनी क्यू12 ची विझते. साडेबावीसला, म्हणजे बरोबर अर्ध्यावर, क्यू13 ची विझते आणि क्यू12 ची परत पेटते. पावणेचौतीसला दोन्ही विझतात, शेवटचा पाव हिस्सा. आत आयसी 0, 1, 2, 3 असं चढतोय आणि बाहेर दिव्यांवर 3, 2, 1, 0 असं उतरतंय, फुकटात. मी हे पहिल्यांदा ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) बघितलं तेव्हा घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं, कुणाला काही कळलं नाही ते सोड. आबांना एवढंच सांग, दोन्ही विझले की चप्पल घाला.

45 व्या मिनिटाला क्यू14 वर जातो, म्हणजे पिन 3. तिथून 10 के मधून बीसी547 ट्रान्झिस्टरच्या बेसला, आणि बझर त्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. थेट पिनला बझर लावू नको, हा आयसी अंगाने फार किरकोळ आहे, साडेतीन-चार व्होल्टवर अर्धा-एक मिलीअँपिअरच्या पुढे देत नाही, बझरला वीसेक लागतात. एलईडी पण म्हणूनच हाय-ब्राइट लाल घे, अर्ध्या मिलीअँपिअरवर सावलीत छान दिसते. आणि पिन 3 वरून पिन 11 ला एक 1एन4148 डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा), काळी पट्टी पिन 11 कडे. याने काय होतं, वेळ संपली की ऑसिलेटर जागच्या जागी अडकतो, मोजणी थांबते, बझर वाजत राहतो बटण दाबेपर्यंत. डायोड नसेल तर 45 मिनिटं बोंबलून आपोआप गप्प बसेल आणि आबांना वाटेल अजून वेळ आहे. शेवटचा प्लॉट झाला की बंद करायला बॅटरीच्या प्लस वायरीत एक साधा सरकता स्विच टाक, नाहीतर रात्रभर पिंपळाखालची भुतं जागी होतील.

वेळ जुळवायला 45 मिनिटं बसायची गरज नाही बरं का. पिन 14 वर आठवा टप्पा असतो. तिथे मल्टिमीटर लाव, बटण सोड, 42 सेकंदांनी मीटर शून्यावरून उडी मारायला हवा. लवकर उडाला तर प्रीसेट वाढव, उशिरा उडाला तर कमी कर. एवढं जुळलं की 45 मिनिटं आपोआप जुळली, मिनिटभर इकडे तिकडे होईल, डाळिंबाला काही फरक पडत नाही.

बॅटरीचं. लॅपटॉपच्या जुन्या सेलचा विचार काढून टाक. ते लिथियम सेल बंद डब्यात, उन्हाळ्यात, सांगोल्यात, नको. एनआयएमएचचे तीन छोटे रिचार्जेबल सेल घे, ट्रिपल ए, 800 एमएएचचे, तीन मिळून 3.6 व्होल्ट. त्यावर 6 व्होल्टचं अर्ध्या वॅटचं पॅनल, ते फार तर 80 मिलीअँपिअर देतं. हे दोन आकडे मुद्दाम जुळवलेत, 800 चा दहावा भाग 80. दहाव्या भागाने भरलं तर सेल पूर्ण भरल्यावरही थोडा वेळ चार्ज चालू राहिला तरी सहन करतो, त्यामुळे चार्जिंगचं वेगळं सर्किट लागत नाही, फक्त मध्ये एक शॉटकी डायोड, 1एन5819, म्हणजे रात्री बॅटरी उलटी पॅनलमध्ये जाणार नाही. मोठं पॅनल म्हणजे चांगलं असं वाटतं ना, इथे मोठं पॅनल म्हणजे रोज उकडलेले सेल.

आणि खर्च किती आहे ते बघ. आयसी आणि ऑसिलेटर मिळून मिलीअँपिअरचा दहावा हिस्सा सुद्धा नाही. दोन एलईडी तीन तास, चार वेळा एकेक मिनिट बझर, सगळं मिळून दिवसाला पाच-सहा एमएएचच्या आसपास. चांगल्या उन्हात हे पॅनल पाच मिनिटात तेवढं परत करतं! श्रावणात आठवडाभर झड लागली आणि पॅनल दहावा हिस्साच देत राहिलं तरी तासाभरात भागतं. आणि अजिबात ऊन नाही असं धरलं तरी भरलेले सेल काही महिने चालतील, सेल स्वतःहून थोडे उतरतात ते वेगळं. बॅटरीशिवाय थेट पॅनलवर चालवू का असंही मनात येईल तुझ्या. चालेल, पण ढग आला की मोजणी विसरेल, आणि सकाळी व्होल्टेज इतकं हळूहळू चढतं की ते रिसेटचं 0.1 वालं कपॅसिटर कामच करत नाही, आयसी कुठल्यातरी भलत्याच आकड्यापासून सुरू होतो.

पॅनल घेताना दुकानातच मल्टिमीटरने तपास. दुकानाबाहेर उन्हात धर, नुसतं व्होल्टेज बघू नको, ते तर सावलीत पण सात व्होल्ट दाखवतं आणि माणूस खूश होतो. करंट बघ, मीटर 200 मिलीवर लावून पॅनलची दोन टोकं थेट मीटरला. हे छोट्या पॅनलला चालतं, तुमच्या मोठ्या पॅनलला अजिबात करायचं नाही. ट्यूबलाइटखाली करंट जवळपास काहीच दिसणार नाही, घाबरू नको, बाहेर ऊन लाखभर लक्स असतं आणि घरात दोन-चारशे. आणि बसवल्यावर एक पान जरी पॅनलच्या कोपऱ्यात पडलं तरी करंट एकदम खाली येतो, कारण आतले तुकडे एकापाठी एक जोडलेले असतात, एक झाकला की सगळी रांग अडते. तेव्हा लिंबाखाली लावू नको.

बरं कुठे लावायचं? तू म्हणालास वॉलजवळ खांबावर. तिथे लावू नको. हे छोटे बझर 85 डेसिबल वगैरे लिहितात ते दहा सेंटिमीटरवरचं असतं. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी, म्हणजे दहा मीटरवर राहिलं 45, वारा असला तर काहीच नाही. वॉलला ऐकू येऊन काय उपयोग, आबांना आलं पाहिजे. डबा शेडमध्ये आबांच्या खाटेजवळ सावलीत टांग, म्हणजे एलईडी पण दिसेल आणि सेल पण तापणार नाहीत, आणि पॅनल तेवढं वर पत्र्यावर, चार-पाच मीटर साधी वायर, एवढ्या करंटला वायरीत काही वाया जात नाही. वॉल उघडून शेडपर्यंत यायला एक मिनिट जाईल, जाऊ दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं राहिलं आणि हे मला काल रात्री अंथरुणात सुचलं. आपण 45 मिनिटं म्हणतोय ती कुठली? जुनी, लाईटच्या मोटरच्या काळातली. तेव्हा मोटर एकदा चालू झाली की पाणी सारखंच. सोलर पंप तसा नाही ना, सकाळी नऊला हळू, बाराला जोरात, चारला परत हळू, ढग आला तर बंदच. म्हणजे नऊ वाजताच्या प्लॉटला 45 मिनिटात कमी पाणी आणि बाराच्या प्लॉटला जास्त, आणि रोज तोच क्रम ठेवला तर तोच प्लॉट रोज उपाशी. टायमर अगदी बरोबर चालेल आणि बाग चुकीची भिजेल.

यावर उपाय याच आयसीत आहे असं मला वाटतंय. ठोक्याचा वेळ आर वर ठरतो ना, मग त्या 270 के च्या जागी उजेडाने बदलणारा एलडीआर टाकला तर? ऊन जास्त तर रेझिस्टन्स कमी, ठोके भराभर, वेळ लवकर संपेल. ऊन कमी तर टायमर पण रेंगाळेल. म्हणजे मिनिटं नाही, ऊन मोजायचं. पण सरळ उन्हात एलडीआरचा रेझिस्टन्स फारच खाली जातो, वर दुधी प्लॅस्टिक झाकावं लागेल, आणि पंपाचं पाणी पण उन्हाच्या सरळ प्रमाणात येत नाही, ठराविक उन्हाच्या खाली ते विहिरीतून वर चढतच नाही. तेव्हा अंदाजाने करायला नको.

म्हणून तुला एक काम. तुझे ड्रिपर ताशी 4 लिटरचे आहेत ना? म्हणजे पूर्ण दाबावर एक ड्रिपर 15 मिनिटात बरोबर एक लिटरची बाटली भरतो. एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी नऊ, अकरा, एक, तीन आणि साडेचारला एकाच ड्रिपरखाली बाटली 15 मिनिटं ठेव आणि किती भरली ते लिही. बाटली मातीत थोडी पुरून ठेव म्हणजे लॅटरल (ठिबकची नळी) वर उचलावी लागणार नाही. दुसऱ्या दिवशी लाईनीच्या अगदी टोकाच्या ड्रिपरखाली तेच कर. ते आकडे मला पाठव, फोटो नको, आकडे पाठव, तुझ्या फोटोत नेहमी अंगठा असतो. सगळीकडे फरक पाच-दहा टक्क्यांचाच निघाला तर साधा टायमर बनव आणि विसरून जा. सकाळची बाटली अर्धीच भरली तर एलडीआरवर बसू, मी तोवर इकडे दुधी डब्याची झाकणं गोळा करतो.

सामान मी इथून घेऊन कुरियर करतो, दोन-दोन आयसी पाठवतो, एक जळेल असं धरूनच. सोल्डरिंग गन आहे ना रे तुझ्याकडे, की ती पण त्या रेडिओवाल्या काकांना दिलीस? वहिनींना नमस्कार सांग, आबांना म्हणावं तब्येत सांभाळा, आणि हस्त बहार धरला की पहिली पेटी पुण्याला, ती टायमरसाठी नाही, सल्ल्याची फी म्हणून.

तुझाच,
पक्या